पडद्याआडचा चौथा हात

माझी खोली बॉम्बप्रूफ आहे. ही बढाई नाही, बांधकामाचा नियम आहे. सिंगापुरातल्या नव्या फ्लॅटमध्ये ‘शेल्टर’ म्हणून एक छोटी खोली अशी बांधतात की बाहेर युद्ध झालं तरी आतला माणूस जगावा. जाड भिंती, खिडकी नाही आणि तिजोरीला शोभेल असं पोलादी दार. युद्ध काही होत नाही, म्हणून लोक तिथे सुटकेसेस ठेवतात. माझ्या ताईने तिथे तांदूळ, डाळी, कणीक आणि मला ठेवलं आहे.

ताई म्हणजे अपूर्वा. पुंगोलला अकराव्या मजल्यावर ती, आमचे भावोजी प्रबोध आणि त्यांची सहा वर्षांची जाई असे राहतात. मी तन्मय. वन-नॉर्थला एका कंपनीत दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो. स्वतःची चूक मात्र मी घरी केली, आणि ती चिकटवायच्या चिठ्ठ्यांवर लिहून केली.

झालं असं. शनिवारच्या मराठी वर्गात मधुमतीबाईंनी मुलांना ‘दानशूर माणूस’ यावर बोलायला सांगितलं. वर्गातली जवळजवळ सगळी मुलं कर्ण आणणार होती. जाईला कर्ण नको होता. त्याने कानातलं काढून दिलं हे ऐकल्यापासून ती कानांवर हात ठेवून फिरत होती. म्हणून मी तिला जगडूशा दिला.

जगडूशा मला ऑफिसात मिळाला. माझ्या शेजारच्या टेबलावर हितेन नावाचा कच्छी जैन बसतो. सूर्यास्ताआधी जेवायचं म्हणून तो सहा वाजले की डबा घेऊन पँट्रीत जातो. मीटिंगमध्ये साहेब बोलत असले तरी जातो. त्याच्या गावाकडची गोष्ट अशी: साडेसातशे वर्षांपूर्वी भद्रेश्वरला जगडूशा नावाचा व्यापारी होता. मोठा दुष्काळ येणार हे त्याला आधीच कळलं आणि त्याने कोठारं भरून ठेवली. दुष्काळात राजा धान्य मागायला आला, तर म्हणाला, यात माझा एक दाणाही नाही. कोठार उघडलं तर आत ताम्रपट: हे धान्य रंकांसाठी.

“रंक म्हणजे?” जाईने विचारलं.

“ज्याच्याकडे खायला काही नाही तो.”

“मग?”

मग पडदा. चांगल्या घरातले लोकही उपाशी होते, पण त्यांना मागायची लाज वाटायची. म्हणून जगडूशा पडद्याआड बसायचा. बाहेरून फक्त हात आत यायचा. तो हाताकडे बघून धान्य द्यायचा, चेहरा कधी बघायचा नाही. एकदा राजाच वेष पालटून रांगेत उभा राहिला. जगडूशाने तळहातावरच्या रेषा पाहिल्या आणि बोटातली रत्नाची अंगठी काढून दिली. राजाने दुसरा हात आत घातला. त्याने दुसरीही दिली.

जाईला हे एकदम पटलं. “मामा, let’s do.”

मी कुठलीही गोष्ट अर्धवट करत नाही, हा माझा दुर्गुण आहे. शेल्टरमधल्या प्रत्येक डब्यावर मी पिवळी चिठ्ठी चिकटवली: ‘हे धान्य रंकांसाठी.’ खाली सही: जगडूशा. मग फ्लॅटच्या मुख्य दाराबाहेरच्या लोखंडी ग्रिलला आतून बेडशीट बांधली. जाई आत स्टुलावर, मांडीवर आंबेमोहोराचा डबा. मी, ताई आणि भावोजी बाहेर कॉरिडॉरमध्ये. संध्याकाळची वेळ, ऊन अजून समोरच्या ब्लॉकवर होतं.

इथे सांगायला हवं की चिनी सातवा महिना चालू होता. या महिन्यात भुकेल्या भुतांना वर यायची सुट्टी मिळते, असं इथले लोक मानतात. खाली गवताच्या कडेला भात, संत्री आणि उदबत्त्या मांडलेल्या असतात. पत्र्याच्या पिंपात कागदी नोटा जळत असतात. आपल्याकडे पितृपक्षात सगळा भार एकट्या कावळ्यावर पडतो. इथे व्यवस्था जास्त चोख आहे, असं मला वाटायचं.

भावोजींनी हात आत घातला. “बाबा,” जाई आतून म्हणाली. “घड्याळ.” मूठभर तांदूळ मिळाले. त्यांनी नेहमीप्रमाणे निम्मे सांडले.

ताईने घातला. “आई. हळद.”

मी घातला. “मामा. नखं खातो.”

आम्ही तिघं तांदळाच्या मुठी आवळून उभे राहिलो. आतून जाई म्हणाली, “आणि हा कोण?”

“कुठला?” ताईने विचारलं.

“हा. चौथा. So thin. गारगार आहे. मी दिले ह्याला पण.”

कॉरिडॉरमध्ये आम्ही तिघं होतो आणि शेजारच्या आंटींची सायकल. सायकलला हात नसतात.

भावोजी माझ्याकडे वळले. “तन्मय, पुरे.”

“मी काही केलं नाही.”

“दोन्ही हात घातलेस ना?”

“एका हातात तांदूळ आहेत, दुसऱ्यात तुमचा फोन. तुम्हीच दिलात व्हिडिओ काढायला.”

आम्ही व्हिडिओ पाहिला. त्यात तीन हात आत जाताना दिसले. मग बेडशीट चौथ्यांदा आत दबली, कोपरभर, आणि सावकाश सरळ झाली. “वारा,” भावोजी म्हणाले. मी आजवर इतक्या थापा मारल्या आहेत की माझ्या भीतीवर घरात कुणाचाही विश्वास नाही.

दुसऱ्या दिवशी जाईने वरणभाताची ताटली सरकवली. “हा आपला नाही.”

“मग कुणाचा?” ताई म्हणाली.

“रंकांचा. मामाने लिहिलंय.”

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी पोळीचा घास तोंडाशी नेला होता. कणकेच्या डब्यावरही मी लिहिलं होतं. मी घास खाली ठेवला आणि जाई आत गेल्यावर चोरासारखा खाल्ला.

आधी आम्ही हसण्यावारी नेलं. भावोजींनी सगळ्या चिठ्ठ्या सोलून काढल्या. जाईने त्या केराच्या टोपलीतून काढून परत चिकटवल्या. “बाबा, काढलं तरी लिहिलेलं असतंच ना?” भावोजी बँकेच्या कायदा विभागात आहेत, आणि त्यांनी चिठ्ठ्या तिथेच राहू दिल्या. ताईने नवीन तांदूळ आणायचा बेत केला.

“कुठे ठेवणार?” जाईने विचारलं.

“शेल्टरमध्ये.”

“Then also theirs, lah.”

भावोजींनी खालच्या कॉफीशॉपमधून तिच्या आवडीचे नूडल्स आणले. तिने वाडगा दोन्ही हातांनी उचलला, जपून चालत ग्रिलपर्यंत गेली आणि पडद्याखालून बाहेर सरकवला. “ते उभे आहेत ना,” ती म्हणाली. “त्यांच्यासमोर कसं खायचं?”

“ते म्हणजे कोण गं?” ताईचा आवाज जरा चिरकला.

“काल एकच होता. आज line आहे.”

वाडगा आत घ्यायला मी ग्रिल उघडलं. नूडल्स तसेच होते, वरचा अंड्याचा तुकडाही तसाच. मी एक नूडल तोंडात घातला. चव नव्हती. वाईट चव नव्हे, चवच नव्हती. ओला कागद खाल्ल्यासारखं वाटलं. मी वाडगा धुतला आणि कुणाला काही सांगितलं नाही, कारण मला माहीत होतं भावोजी काय म्हणतील.

त्या आठवड्यात मी ऑफिसातून लवकर निघू लागलो. लिफ्टमधून बाहेर आलं की आमचं दार कॉरिडॉरच्या टोकाला दिसतं. एका संध्याकाळी मी तिथेच थांबलो. कॉरिडॉर रिकामा होता. बेडशीट मात्र आत फुगली होती, एका जागी नाही, खालपासून वरपर्यंत, ग्रिलच्या प्रत्येक दोन गजांमधून. गर्दीत माणसं दाराला रेलतात तशी. आतून जाईचा आवाज येत होता: “One by one. ढकलू नका. Queue up, please.”

मी पुढे जायला हवं होतं. मी मामा आहे. मी लिफ्टचं बटण दाबलं, तळमजल्याला गेलो, परत वर आलो, आणि तेव्हाच पुढे गेलो.

मग ताईने बेडशीट काढली आणि लाकडी दार बंद केलं. आम्ही चौघं हॉलमध्ये बसलो. समोर टीव्ही होता, पण लावायचं कुणी मनावर घेतलं नाही. ऊन उतरायला लागलं तसा दारावर आवाज सुरू झाला. ते ठोठावणं नव्हतं. बाहेरून कुणीतरी तळहात फिरवत होतं, कंबरेच्या उंचीवर, अगदी संकोचून, लाकूड कुठे संपतं ते चाचपावं तसं. एक तळहात, मग कितीतरी. सूर्य बुडाला आणि आवाज थांबला.

भावोजी दाराकडे बघत म्हणाले, “तन्मय, हे तू करत नाहीयेस.”

“नाही.”

“करत असतास तर बरं झालं असतं.” इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडून प्रथमच एखादा विनोद मागितला, आणि माझ्याकडे नव्हता.

गुरुवारी शाळेतून फोन आला. पी.ई.च्या तासाला जाईला चक्कर आली होती. रिसेसमध्ये ती नुसतं पाणी पीत होती. “घरी सगळे उपाशी उभे आहेत,” असं तिने टीचरना सांगितलं होतं. टीचरनी ताईला फार मऊ आवाजात विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. डॉक्टरांनी तिला साखर-मिठाचं पाणी पाजलं आणि म्हणाले, हिने खाल्लंच पाहिजे, नाहीतर दोन दिवसांत ॲडमिट करावं लागेल. मी तिला उचलून टॅक्सीत ठेवलं. शाळेच्या दप्तराचंच वजन जास्त वाटलं.

शेजारच्या आंटी लिफ्टपाशी भेटल्या. ताईने त्यांना सगळं सांगितलं. त्यांना यात नवल वाटलंच नाही. “यू पुट फूड, यू पुट साइन, नाऊ सेव्हन्थ मंथ सम मोर. ऑफ कोर्स दे कम, लाह.”

“हाऊ टू स्टॉप?”

“कॅनॉट चेस. यू इन्व्हाइट.” त्या थोडा वेळ जाईकडे बघत राहिल्या. “ओन्ली डोन्ट टर्न युअर हेड, कॅन? इफ समबडी बिहाइंड यू, लेट देम बी बिहाइंड.”

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी हितेनला सगळं सांगितलं. तो माझ्याकडे बघून आधी हसला, मग माझा चेहरा बघून थांबला. आम्ही हिंदीत बोलतो, पण अर्थ असा:

“पडदा उचलला नाहीस ना?”

“नाही.”

“उचलू नकोस. मागणाऱ्याला लाज वाटते.”

“अरे, लाजेचं सोड. पोरगी मरायला टेकलीय. एकदा दान केलेलं परत कसं घ्यायचं?”

“परत नाही घेता येत.” त्याने डब्याचं झाकण लावलं. सहा वाजत आले होते, पण त्याचीही भूक गेली असावी. “मागता येतं. राजा पण रांगेतच उभा राहिला होता ना.”

मी जिन्यातूनच ताईला फोन केला. बेत साधा होता. जाईला ते अन्न चालत नव्हतं, कारण ते रंकांचं होतं. मग जाईला रंक करायचं. ती बाहेर रांगेत उभी राहील, पडद्यातून हात घालेल, तिला मिळेल ते तिचं. आत भावोजी बसतील. ताईने भावोजींना कळवलं. त्यांचा मेसेज आला: ‘थेट घरी जातो. तुम्ही या.’

मी पुंगोलला उतरलो तेव्हा ताई जाईला घेऊन खाली बाकावर बसली होती. घरात एकटीने थांबायचं तिचं धाडस नव्हतं.

“मामा, मी रंक?” जाईचे ओठ सुकले होते.

“पाच दिवस जेवली नाहीस. या अख्ख्या ब्लॉकमध्ये तुझ्याइतका रंक कुणी नाही.”

तिने विचार केला. “Okay. But must queue.”

आम्ही वर गेलो. आमचं लाकडी दार उघडं होतं, ग्रिल बंद, आणि बेडशीट बांधलेली. मागे दिवाणखान्यातला दिवा लागला होता. “आलेत प्रबोध,” ताई म्हणाली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचे खांदे खाली आले.

आम्ही रांगेत उभे राहिलो. आधी जाई, मग ताई, शेवटी मी. शेवटी असं आपण म्हणतो. माझ्या कोपराला मागून गार लागलं, फ्रिज उघडल्यासारखं. मग खांद्यापाशी. कुणाच्या तरी श्वासाला उदबत्तीचा आणि शिळ्या भाताचा वास होता. मी समोर ताईच्या वेणीकडे बघत राहिलो. त्या वेणीत निळा रबर बँड होता. मी तो अजूनही ओळखू शकेन.

“तन्मय,” ताई पुढे बघूनच म्हणाली, “माझ्या मागे तूच आहेस ना?”

“हो.”

“आणि तुझ्या मागे?”

“पुढे बघ, ताई.”

जाईने दोन्ही हातांची ओंजळ केली आणि पडद्याच्या कडेने आत घातली.  थोडा वेळ काहीच झालं नाही. मग आतून एक हात आला आणि तिच्या ओंजळीत तांदूळ ओतले. भरपूर, पण एकही दाणा खाली पडला नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं. भावोजी मीठ घेतानाही सांडतात.

ताईला मिळाले. ती बाजूला झाली.

मी हात घातला. तांदूळ आले नाहीत. एक अंगठा माझ्या तळव्यावर टेकला आणि हळूहळू फिरू लागला. कोरडा, जाड अंगठा, पोती उचललेला असावा तसा. तो आयुष्यरेषेवरून गेला, पुढे कुठेतरी अडला, परत मागे आला. मला हात ओढून घ्यायचा होता, पण मागे जागा नव्हती. मागे ते उभे होते. पडद्याच्या फटीतून मला दोन बोटं दिसली. दोन्हींच्या मुळाशी फिकट वर्तुळं होती, वर्षानुवर्षं अंगठी घालून मग काढल्यावर राहतात तशी.

मग माझ्या तळहातावर काहीतरी चुरगळलेलं ठेवलं गेलं. माझी बोटं त्यावर एकेक करून मिटवण्यात आली, लहान मुलाची मिटवतात तशी.

तेवढ्यात मागे लिफ्टची घंटी वाजली.

“सॉरी, सॉरी,” भावोजींचा आवाज आला, धापा टाकत. “LRT गाडी चुकली माझी. सुरू केलंत पण? आत कोण आहे?”

 ताईने जाईला छातीशी ओढलं. माझ्या मागचा गारवा नाहीसा झाला होता, पण ते नंतर माझ्या लक्षात आलं. मी मूठ उघडली. पिवळी चिठ्ठी होती. हे धान्य रंकांसाठी. जगडूशा. अक्षर माझं, आगाऊपणाही माझा.

जाईने चिठ्ठी वाचली. ती अडखळत वाचते, त्यामुळे वेळ लागला. मग तिने ओंजळीतले तांदूळ बघितले. “परत दिली,” ती म्हणाली. “Now is ours. आई, मला खूप भूक लागलीय.”

पाच दिवसांनी ती हे म्हणाली होती. ताई रडायला लागली, आवाज न करता. पण कच्चे तांदूळ काही खाता येत नाहीत. कुणीतरी आत जाऊन कुकर लावायला हवा होता. आम्ही तिघं मोठी माणसं बेडशीटकडे बघत उभे राहिलो.

“तन्मय,” भावोजी म्हणाले, “तू जा.”

“फ्लॅट तुमच्या नावावर आहे, भावोजी.”

“धान्याच्या खोलीत तू राहतोस.”

 भावोजींच्या किल्लीने मी ग्रिल उघडलं. बेडशीट बाजूला करताना मी डोळे खाली ठेवले आणि म्हणालो, “आत येतोय,” आणि थोडं थांबलो. ज्याला संकोच वाटतो त्याला वेळ द्यावा.

हॉल रिकामा होता. स्टूल रिकामं होतं, त्याच्याभोवती फरशीवर एक दाणा नव्हता. शेल्टरचं पोलादी दार मी सकाळी उघडं टाकून गेलो होतो. आता ते बंद होतं. मी त्यावर टकटक केली. माझ्याच खोलीवर. उत्तर आलं नाही, तेव्हा दोन्ही हातांनी दांडा ओढला.

डबे जागच्या जागी होते. एकाही डब्यावर चिठ्ठी नव्हती. बाकीच्या सगळ्या माझ्या उशीवर होत्या, कडेला कडा जुळवून, एकावर एक. आंबेमोहोराच्या डब्याचं झाकण मी उघडलं. आठवडाभर रोज वाटूनही तो गळ्यापर्यंत भरलेला होता. मी झाकण लावलं. मग भात लावायचा होता म्हणून पुन्हा उघडलं, वाटीने तांदूळ काढले आणि ओट्यापाशी आलो. गॅस पेटवताना काडी तीन वेळा विझली. मला दाराकडे पाठ करून उभं राहावं लागत होतं, आणि आंटींनी मान वळवायची नाही असं सांगितलं होतं.

“किती जणांचा लावतोयस?” ताईने बाहेरून विचारलं. ती अजून उंबऱ्याच्या आत आली नव्हती.

“पाच.”

“आपण चार आहोत.”

“हो,” मी म्हणालो, आणि आणखी एक वाटी पाणी घातलं.